आयसेलचा काठ आणि फेलुवेचं माळरान: निवांत सायकल सहलीची आखणी

नदीकाठ

नेदरलँड्स आणि सायकल म्हटलं की लोक ट्युलिपची शेतं नाहीतर अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे गाठतात. चार-पाच दिवस निवांत पायडल मारायचं असेल तर खेल्डरलँड प्रांत त्याहून कितीतरी उजवा आहे. नदीचा मोकळा काठ आणि हीदर या जांभळ्या फुलांच्या झुडपाचं माळरान एकाच सहलीत बसतं, आणि दोन्हींच्या मध्ये तासाभराचंच अंतर असतं.

आधी भूगोल, कारण रस्ता त्यावरच ठरतो. ऱ्हाइन लोबिथपाशी देशात शिरते आणि पानर्डेनला फुटते. दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी वाल ही शाखा घेऊन जाते. उरलेलं १७०१ ते १७०७ दरम्यान खोदलेल्या पानर्डेन कालव्यातून पुढे येतं आणि आर्नहेमच्या तोंडाशी पुन्हा वाटलं जातं. आयसेल उत्तरेला वळते, नेडररेन पश्चिमेला. या दोन फाट्यांच्या बेचक्यात फेलुवे आहे. हिमयुगात, सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, बर्फाच्या जिभांनी ढकलून रचलेले वाळू-गोट्यांचे हे ढीग. सर्वात उंच जागा जेमतेम ११० मीटर, पण सपाटीची सवय झालेल्या पायांना तेवढंही जाणवतं.

आता मुद्द्याचं. इथे सहल किलोमीटरवर आखू नका, वाऱ्यावर आखा. बांधावरून जाणारा रस्ता आजूबाजूच्या कुरणांपेक्षा चार-पाच मीटर उंच असतो आणि आडोसा नावाला नसतो. समोरून ४ बोफर्टचा (मध्यम) वारा असला तर १६ च्या वेगाने चालणारी सायकल ११-१२ वर येते. जंगलात तोच वारा कळतही नाही. वर्षातला बराच काळ वारा नैऋत्येचा. म्हणून नदीकाठ वारा पाठीला घेऊन आणि परतीचा रस्ता झाडीतून, असा फेरा बसवायचा.

पहिला दिवस: आर्नहेम ते झुटफेन, आयसेलच्या पूर्व काठाने, साधारण ५० किमी. वेस्टरफोर्ट, लाथुम, खीसबेक करत डूसबर्ग. पुढे ब्रोंखोर्स्ट, १४८२ मध्ये शहराचा दर्जा मिळालेलं आणि आजही एका गल्लीएवढं गाव. तिथून झुटफेन.

दुसरा दिवस: झुटफेनचा पूल ओलांडून एरबेक, लूनेन, हुंडरलो. ३०-३२ किमीच आहेत, पण चढ आहे आणि लूनेनच्या धबधब्याला थांबावं लागतं. धबधबा म्हणजे अपेलडोर्न कालव्याला पाणी पुरवायला माणसाने बांधलेल्या पायऱ्या, एकूण उतार १५ मीटर. सह्याद्री पाहिलेल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये.

तिसरा दिवस: होखे फेलुवे उद्यानातच. मुक्काम पुन्हा हुंडरलो किंवा ऑटरलो.

चौथा दिवस: टेर्लेटवरून पोसबँकची टेकडी, तिथून रेडेनला उतरून आर्नहेम. ३०-३५ किमी.

दिवसाला ५० च्या वर जाऊ नका. फेरीबोट, पावाचं दुकान, चर्चचा मनोरा आणि एक सर यांत दिवसाचे तीन तास सहज जातात.

टोण्या

नकाशा एका हातात आणि हँडल दुसऱ्या हातात, असं चालत नाही. वाट कशी शोधायची ते पण लिहा की.

अवनी_एडे

@टोण्या, त्यासाठी क्नोपपुंटेन म्हणजे नंबर दिलेले नाके. ही पद्धत बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतातली. खाण अभियंता ह्यूगो बोलेन यांची कल्पना, १९९५ मध्ये तिथे सुरू झाली आणि आता अख्ख्या नेदरलँड्सभर आहे. प्रत्येक नाक्यावर हिरव्या-पांढऱ्या पाटीवर एक आकडा आणि बहुतेक ठिकाणी परिसराचा नकाशा. तुम्ही फक्त आकड्यांची माळ करायची: ३४, ३५, ७१, ०८. (हे आकडे नमुन्याचे आहेत, उतरवून घेऊ नका.) दोन नाक्यांच्या मध्ये बाण दाखवतील तसं जायचं.

माळ फिट्सर्सबोंड या सायकलस्वार संघटनेच्या रूटप्लॅनरवर किंवा कुठल्याही क्नोपपुंट अ‍ॅपवर करता येते. मग आकडे मोठ्या अक्षरात कागदी चिकटपट्टीवर लिहून हँडलच्या मधल्या नळीवर चिकटवा. पावसातही टिकतात, आणि चालत्या सायकलवर फोन हातात धरायला इथे १ जुलै २०१९ पासून बंदी आहे, तो दंडही वाचतो.

गोची कुठे होते ते सांगते:

आकडे ९९ पर्यंतच आहेत, त्यामुळे शेजारच्या भागात तोच आकडा पुन्हा येतो. फक्त "४२ ला भेटू" म्हणालात तर एकजण नदीच्या त्या तीराला उभा असेल.

बाणाची पाटी वळणाच्या अलीकडे असते आणि जून-जुलैत झुडपात बुडते. नाका सोडून दीड-दोन किमी झाले, मधे फाटे आले आणि एकही बाण दिसला नाही, तर मागे फिरा.

बांध मजबूत करायची कामं सतत चालू असतात. पिवळी वळणाची पाटी आली की माळेतले दोन-तीन आकडे गळतात. म्हणून त्याच मार्गाची जीपीएक्स फाइल फोनमध्ये ऑफलाइन असू द्या. जंगलात नेटवर्क कधी कधी लपंडाव खेळतं.

आणि एएनडब्ल्यूबी या वाहनचालक संघटनेच्या पाट्यांचं: पांढऱ्यावर लाल अक्षरं म्हणजे सरळसोट रस्ता, हिरवी अक्षरं म्हणजे निसर्गरम्य पण लांबचा. अंधार पडल्यावर हिरव्याच्या मागे लागू नका, त्या वाटेवर दिवे नसतात. जंगलात गुडघ्याएवढ्या मशरूमच्या आकाराचे दिशादर्शक दिसतील, त्यांच्यावरचं अंतर वाचायला खाली उतरावं लागतं. तेवढाच व्यायाम.

मृण्मयी_न

धागा अगदी वेळेवर! आई-बाबा जूनमध्ये नाशिकहून येताहेत. दोघं पासष्टीच्या पुढचे, सायकल येते पण सवय सुटलेली. त्यांना झेपेल का? सायकली भाड्याने कुठल्या घ्यायच्या?

पंक्चरमास्तर

@मृण्मयी_न, झेपेल, पण चार दिवसांचा फेरा नको. झुटफेनला एकाच जागी मुक्काम ठेवा आणि रोज २०-२५ किमीचे छोटे फेरे करा. सामान खोलीवर, पिशवीत फक्त रेनकोट आणि डबा.

काका-काकूंसाठी ई-बाइक घ्या, पण दुकानदाराला चार गोष्टी विचारून.

एक, मधला दांडा खाली असलेली फ्रेम. पाय मागून टाकून चढायची सवय गेलेली असते.

दोन, मोटर पुढच्या चाकात आहे की पायडलपाशी. पुढच्या चाकातली मोटर ओल्या विटांवर किंवा वाळूत वळताना चाक ओढते आणि नवख्याचा तोल जातो. पायडलपाशी असलेली बरी.

तीन, ब्रेक. डच सायकलींत मागे पायडल दाबून लागणारा ब्रेक अजून बराच दिसतो. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे थांबल्यावर पायडल उलटं फिरवून वर आणायला गेलं की ते फिरतच नाही, सायकल जागीच जाम. निघताना पायाचा चवडा पायडलखाली घालून ते पुढच्या दिशेने फिरवत वर आणायचं, सायकलही थोडी पुढे सरकते, मग बसायचं. हे दुकानाच्या अंगणात दहा वेळा करून घ्या. नको असेल तर "दोन्ही हाताचे ब्रेक" असं स्पष्ट सांगून घ्या.

चार, सीट. डच माणूस उंच. ५० सेंमीच्या आतली फ्रेम मागा. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. शास्त्रशुद्ध उंची याहून जास्त असते हे मान्य, पण सवय सुटलेल्या माणसाला आधी धीर हवा.

४०० ते ५०० वॅट-तासाची बॅटरी मधल्या मदतीवर ६० किमी आरामात देते. समोरचा वारा आणि सगळ्यात वरची मदत असेल तर निम्म्यावर येते. मदत २५ किमी वेगाला बंद होते, त्यापुढे तुमचं तुम्ही. चार्जर बरोबर ठेवा.

स्टेशनवर निळी-पिवळी ओव्ही-फिट्स दिसेल. स्वस्त आहे, पण ती इथे राहणाऱ्यांच्या कार्डाला जोडलेली असते, बहुतेक बिनगिअरची असते आणि दुसऱ्या स्टेशनवर सोडली तर जास्तीचे पैसे पडतात. पाहुण्यांसाठी स्टेशनाजवळचं साधं सायकल दुकान बरं.

वाऱ्याची_दिशा

वाऱ्याचा मुद्दा पटला, आखणी अर्धीच पटली. एवढा नैऋत्येचा वारा धरून चालायचंय तर सुरुवात आर्नहेमला का? क्यूलेमबोर्गला रेल्वेगाडीतून उतरा. दक्षिण काठाने लेकच्या (नेडररेनचाच पुढचा भाग) बांधावरून ब्यूसिखेम, तिथून फेरीबोटीने वाइक बाय डूरस्टेडे. मग आमेरोंगेन, रेनेन, वाखेनिंगेन. हे ४५ किमीच्या आसपास होतात आणि वारा सगळा पाठीला. दुसऱ्या दिवशी वाखेनिंगेनहून ओस्टरबेक, आर्नहेम करत डूसबर्ग. म्हणजे नेडररेन आणि आयसेल दोन्ही सलग मिळतात आणि जंगल शेवटी.

या तुकड्यात पाहण्यासारखंही जास्त आहे. आमेरोंगेनच्या वाड्यात जर्मन कैसर दुसरा विल्हेल्म १९१८ ते १९२० राहिला. रेनेनच्या ग्रेबेबर्गवर मे १९४० मध्ये लढाई झाली, तिथलं सैनिकी दफनस्थान रस्त्यालगत आहे. रेनेन आणि वाखेनिंगेनच्या मध्ये ब्लाउवे कामर ही नदीकाठची पाणथळ जागा. १९९२ मध्ये तिथला उन्हाळी बांध मुद्दाम फोडून नदीला आत घेतलं. आता तिथे चमचा पक्षी आणि बगळे दिसतात, रानघोडे चरतात.

नदीकाठ

@वाऱ्याची_दिशा, एक दिवस जास्त असेल तर तुमचा मार्ग सरस, यात वाद नाही. चारच दिवस असतील तर आर्नहेम ठेवावं, कारण गाडीतून उतरलं तिथेच परत यायचं असल्याने मोठी बॅग स्टेशनाजवळ ठेवता येते.

मात्र नैऋत्येचा वारा ही बारमाही हमी नाही. एप्रिल-मेमध्ये कोरडा ईशान्येचा वारा बरेचदा आठवडाभर टिकतो. तेव्हा हाच फेरा उलटा: आधी जंगलातून चढत झुटफेन, मग आयसेलने आर्नहेम. म्हणून मुक्कामांची बुकिंग शक्यतो फुकट रद्द करता येतील अशी करा आणि दिशा आदल्या संध्याकाळी ठरवा. पावसासाठी बाउयनराडार हे अ‍ॅप पाहा. पुढच्या दोन तासांत सर कुठून कुठे सरकते ते कळतं, दिवसभराच्या अंदाजापेक्षा ते कामाचं. वीस मिनिटं बसथांब्याच्या आडोशाला उभं राहिलं की बहुतेक सरी निघून जातात.

सांजसकाळ

फेरीबोटींबद्दल कोणी नीट लिहीत नाही आणि खोळंबा तिथेच होतो.

दोन जाती आहेत. मोटारीही नेणाऱ्या मोठ्या, उदाहरणार्थ वाखेनिंगेनची लेक्सकेसफेर किंवा ब्रोंखोर्स्ट-ब्रुमेन. या वर्षभर चालतात, रविवारी उशिरा सुरू होतात. दुसऱ्या फक्त पायी आणि सायकलींच्या छोट्या बोटी, स्वयंसेवक चालवतात. त्या वसंतात सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरला बंद. काही फक्त शनिवार-रविवार, काहींना दुपारची जेवणाची सुट्टी. माळेत दोन आकड्यांमधली रेघ नदी ओलांडत असेल तर त्या बोटीचं पान आदल्या दिवशी उघडून पाहाच. प्लॅनर रेघ दाखवतो, मंगळवारी बोट नाही हे सांगेलच असं नाही.

पूर आला की धक्का बुडतो, पाणी फार उतरलं की बोट तळाला लागते. दोन्ही वेळा सेवा बंद. पर्याय म्हणजे जवळचा पूल, आणि इथे दोन पुलांमध्ये १५-२० किमी सहज असतात. म्हणून शेवटची बोट गाठायची असेल असा दिवस आखू नका, बोट दुपारच्या आत ओलांडून टाका.

भाडं एक-दोन युरो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी थोडी नाणी ठेवा. धक्क्यावर घंटा किंवा बटण असतं, बोट पलीकडे असेल तर वाजवा आणि थांबा. आधी मोटारी चढतात, मग सायकली. उतारावर सायकलवर बसू नका, लोखंडी पत्रा दवाने ओला असतो.

शेंगदाणा

पुराचं निघालंय म्हणून. बांधाच्या आत नदीपर्यंत जी रुंद कुरणं दिसतात ती रिकामी जमीन नाही, ती नदीचीच आहे. हिवाळ्यात पाणी बांधाला टेकतं. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच भागातून सुमारे अडीच लाख लोकांना हलवलं होतं. त्यानंतर बांध नुसता उंच करण्याऐवजी नदीला जागा द्यायची असं ठरलं. 'नदीसाठी जागा' या कार्यक्रमात काही ठिकाणी बांध मागे सरकवले, काही ठिकाणी नवा फाटा खोदला. नायमेखनला वालचा बांध मागे घेऊन तयार केलेला फाटा आणि मधलं बेट सायकलवरून छान दिसतं. आर्नहेमपासून २० किमीच्या आत आहे, जास्तीचा दिवस असेल तर जाऊन या.

टोण्या

आणि हीदर? जांभळे फोटो सगळे टाकतात, तारखा कोणी सांगत नाही.

अवनी_एडे

दोन हीदर आहेत. दलदलीच्या जागी घंटेसारखी फुलं येणारी डॉपहाय, ती जूनअखेरीपासून दिसते, फिकट गुलाबी, तुरळक. फोटोतली ती स्ट्राउकहाय: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ऐन बहर २० ऑगस्टच्या आगेमागे. उन्हाळा कोरडा गेला तर बहर फिका, काही पट्टे सरळ तपकिरी. २०१८ च्या दुष्काळानंतर तसंच झालं होतं. पाऊस बरा होऊनही तपकिरी दिसलं तर तो हीदरवर जगणाऱ्या छोट्या भुंग्याचा प्रताप, त्याच्या अळ्या पानं खरवडतात.

हे माळरान नैसर्गिक आहे असं समजू नका. शेकडो वर्षं शेतकरी इथली हीदर मुळासकट खरवडून गोठ्यात अंथरायचे आणि मेंढ्यांच्या लेंड्यांत मुरवून ते खत शेतात टाकायचे. त्यामुळे माती निकस राहिली आणि निकस मातीत हीदरच जोमाने वाढते. रासायनिक खत आलं आणि हे थांबलं. आता मेंढ्या चारल्या नाहीत, रोपटी उपटली नाहीत तर वीस-तीस वर्षांत पाइन आणि भुर्जाचं रान होईल. वर गोठ्यांतून आणि वाहनांतून येणारा नायट्रोजन मातीत उतरतो, की उंच गवत हीदरला गिळतं. तुम्हाला सप्टेंबरात माळावर पिवळसर गवताचे मोठे पट्टे दिसतील ते यामुळे.

एडेच्या खिंकेलसे हायडेवर आणि रेडेनजवळ मेंढ्यांचे कळप आणि मेंढवाडे आहेत. सकाळी कळप निघताना आणि संध्याकाळी परतताना गाठलं तर जवळून दिसतो. कळप वाटेवर आला की सायकल थांबवून पाय टेका, घंटी वाजवू नका. मेंढरं फुटली की कुत्र्याला पुन्हा गोळा करावी लागतात. खिंकेलसे हायडेवर १८ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक उतरले होते. दर सप्टेंबरात तिथे स्मरणसोहळा होतो, त्या शनिवारी गर्दी टाळायची असेल तर दुसरीकडे जा.

वाऱ्याची_दिशा

+१. फक्त भर: बहराच्या शनिवार-रविवारी पोसबँकला जाणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला जाणं. मोटारी, मोटरसायकली, शर्यतीच्या सायकली, सगळे एकाच अरुंद रस्त्यावर. मंगळवार-बुधवारी सकाळी नऊच्या आत चढा.

चढाचं गणितही सांगून टाकतो. रेडेनकडून चढलात तर काही तुकडे ६-७ टक्क्यांचे आहेत. तीन गिअरची भाड्याची सायकल आणि दोन भरलेल्या पॅनिअर (कॅरिअरच्या पिशव्या) असतील तर सरळ उतरून ढकला. @नदीकाठ यांच्या मूळ आखणीत टेर्लेटवरून येतात, तिकडून चढ सौम्य आहे आणि तीव्र बाजूने उतरायचं राहतं. उतरताना नुसत्या पायडल-ब्रेकवर विसंबू नका. तो सतत दाबला की हब तापतो आणि पकड कमी होते. पुढच्या ब्रेकबरोबर आलटून पालटून वापरा.

मृण्मयी_न

होखे फेलुवेत आपली सायकल नेता येते का, की तिथल्या पांढऱ्याच घ्यायच्या?

नदीकाठ

दोन्ही चालतं. उद्यान सुमारे ५,४०० हेक्टर, भोवती कुंपण, दरवाजे तीन: ऑटरलो, हुंडरलो आणि स्खार्सबेर्खेन. प्रवेशाचं तिकीट लागतं. पांढऱ्या सायकली त्या तिकिटातच, १९७४ पासून आहेत, आता १,८०० च्या आसपास. गिअर नाही, पायडल-ब्रेक, आणि कुलूप नाही. संग्रहालयाबाहेर लावून आत गेलात की बाहेर येईपर्यंत तीच सायकल दुसरं कोणी घेऊन गेलेलं असणार. ते नियमाला धरूनच आहे, तुम्ही दुसरी उचला. म्हणून बास्केटमध्ये काही ठेवू नका. काका-काकूंसाठी मात्र भाड्याची ई-बाइकच आत न्या. ऑटरलो ते हुंडरलो मध्ये हलके चढउतार आहेत, बिनगिअरवर जाणवतात.

क्रोलर-म्युलर संग्रहालय याच उद्यानात, १९३८ मध्ये उघडलेलं. व्हॅन गॉगचा जगातला दुसरा मोठा संग्रह इथे आहे. त्याचं तिकीट वेगळं आणि सोमवारी ते बंद. दुपारी पाऊस लागणार असेल तर सकाळी माळ, दुपारी संग्रहालय.

दरवाजे बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते, आत शिरतानाच पाटीवर पाहून ठेवा. तांबड्या हरणांचा माज सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. संध्याकाळी नरांचं हंबरणं लांबून ऐकू येतं, तेव्हा काही वाटा बंद ठेवतात.

पंक्चरमास्तर

आता माझ्या खात्यातलं. दोन घरं सोडून सायकल दुकान, हे शहरात. फेलुवेच्या मध्यावर किंवा रविवारी बांधावर कोणी भेटत नाही.

बेटुवेत (नेडररेन आणि वालच्या मधला भाग) काटेरी हॉथॉर्नचं कुंपण पुष्कळ. ते छाटल्यावर काटे वाटेवर पडतात, म्हणून हिवाळ्याअखेर आणि मार्चमध्ये पंक्चर जास्त. शहरात रविवारी सकाळी काचा.

डच सायकलचं मागचं चाक रस्त्यात काढू नका. साखळी बंद पेटीत, हबमध्ये गिअर, त्याला केबल, ब्रेकचा हात फ्रेमला बोल्टने आवळलेला. १५ चा पाना असला तरी अर्धा तास जातो आणि परत बसवताना गिअर बिघडतात. चाक जागेवर ठेवूनच पंक्चर काढायचं:

सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करा (ई-बाइक असेल तर आधी डिस्प्ले आणि बॅटरी काढा). चाक हळू फिरवून काटा शोधा, सापडला की त्या जागी टायरवर खडूची खूण. हवा पूर्ण सोडा. साखळी नसलेल्या बाजूने दोन लिव्हर लावून टायरची एकच कड, खुणेच्या दोन्हीकडे वीतभर, रिमबाहेर काढा. तेवढ्यातून ट्यूब ओढून बाहेर घ्या, व्हॉल्व्ह जागेवरच. थोडी हवा भरून भोक ओठांजवळ धरून पाहा, वारा लागतो. पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याहून मोठी जागा घासा, शिवण वर आली असेल तर ती सपाट करा. सोल्यूशनचा पातळ हात. आता चार-पाच मिनिटं थांबायचं, चमक गेली पाहिजे. लोक इथेच घाई करतात आणि पॅच दहा किमीवर सुटतो. पॅच लावून मधून कडेकडे दाबा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा गेला का ते पाहा, बोटावर चिंधी गुंडाळून. ट्यूब आत सारा, पीळ नको. कड हातानेच बसवा, लिव्हरने बसवाल तर नवं भोक पाडाल.

व्हॉल्व्ह बहुतेक डनलॉप प्रकारचा, आपल्या जुन्या हिरो-अ‍ॅटलासला असायचा तोच घराण्यातला. फक्त वालट्यूबच्या जागी आत छोटी गोळी असते. प्रेस्टाच्या पंपाने भरता येतो. मोटारीच्या पंपावर मात्र अडॅप्टर लागतो, तो किटमध्ये ठेवा.

हवा: ४० मिमीच्या आसपासचा टायर, सामानासकट ९०-९५ किलो असेल तर मागे ४ ते ४.५ बार, पुढे अर्धा बार कमी. विटांचे रस्ते आणि शिंपल्यांच्या भुग्याच्या वाटा येणार असतील तर अजून अर्धा उतरवा, मनगटं दुखणार नाहीत. त्याखाली गेलात तर रिम टेकून ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात.

हबमधले नेक्सस जातीचे ७ किंवा ८ गिअर घसरत असतील तर शिफ्टर ४ वर ठेवा आणि मागच्या हबपाशी दोन रंगीत रेषा जुळल्यात का ते पाहा. जुळत नसतील तर केबलवरची चाकी फिरवून जुळवा. पाना लागत नाही.

सांजसकाळ

माळावरचे तीन धोके कोणी लिहिले नाहीत.

पहिला, गोचीड. मार्च ते ऑक्टोबर, गवतात बसलं की चढते. रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत पाहा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, तेल-स्पिरिट लावू नका, आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत तिथे लाल कडं पसरायला लागलं तर डॉक्टर.

दुसरा, ओकवरच्या केसाळ अळ्या, मे ते जुलै. एकामागोमाग रांगेने चालतात, खोडावर जाळ्या करतात. केस अंगाला लागले की कित्येक दिवस खाज. झाडाला लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली की त्याखाली डबा उघडू नका.

तिसरा, लोखंडी गजांची जनावर-अडवणी. गजांना काटकोनात, न वळता, न ब्रेक लावता ओलांडा. पलीकडे शिंगवाल्या हायलँड गायी वाटेवरच बसलेल्या असतात, २५ मीटर सोडून वळसा घाला, वासरू आणि गाय यांच्या मधून तर अजिबात नको.

वाळूचंही पाहून घ्या. नकाशावर पायवाट दिसते म्हणून कोटवायकरझांडकडे घुसलात तर चाक सहा इंच रुततं. आखलेल्या सायकलवाटेवरच राहा.

मु_पो_आइंडहोवन

आमच्या दक्षिणेकडे कोणी बघेल का? आइंडहोवनमध्ये मराठी मंडळी एवढी, आणि स्ट्राब्रेख्टसे हायडे शहरापासून तासाभरावर. हेझे किंवा खेल्ड्रोपला गाडीतून उतरून अर्ध्या दिवसाचा फेरा होतो, चढ शून्य.

नदी आणि हीदर एकत्र हवी असेल तर मासडाउनेन. मास नदी आणि जर्मन सीमेच्या मधली वाळूच्या जुन्या टेकड्यांची पट्टी. बोटी भरपूर: आर्सेन-ब्रूकहाउझेन, लॉटुम-लोम, बेर्खेन-फीर्लिंग्सबेक. एका काठाने वर, दुसऱ्याने खाली, कंटाळलात की बोट. लॉटुम गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे. नायमेखन-फेनलो गाडी मासला समांतर जाते, म्हणून कुठूनही परतता येतं. ती गाडी एनएस या राष्ट्रीय रेल्वे कंपनीची नाही, अरिवा या दुसऱ्या कंपनीची. सायकलीचे नियम त्यांचे वेगळे, आधी पाहा.

शेंगदाणा

एनएसचं: सायकलचं वेगळं दिवसाचं तिकीट, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० सायकल नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी ही आडकाठी नसते. घडीची सायकल घडी करून कधीही फुकट. नियम बदलत असतात, तिकीट काढताना अ‍ॅपवर पाहा. दारावर सायकलचं चित्र असलेला डबा शोधा. चार जणांचा गट असेल तर दोन दारांत वाटून चढा, एका जागेत चार मावत नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी: टोस्टी (भाजलेलं सँडविच) चीजची मागा, हॅमची देतात. पॅनकेक सफरचंद-चीजचा उत्तम, पण कधी कधी बेकनच्याच तव्यावर भाजतात, विचारा. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं. सोमवारी गावातली कॅफे पुष्कळदा बंद, त्या दिवशी सुपरमार्केटचा डबा बरोबर हवाच. ठेपले, गूळ-शेंगदाणे, आणि नळाचं पाणी कुठलंही प्या. माळावर मात्र नळ नाहीत, माणशी दीड लिटर भरून निघा. बेटुवेत जूनअखेर-जुलैत चेरी आणि सप्टेंबरात सफरचंदं-पेअर दारात मांडलेले असतात, शेजारी पैशांचा डबा. सुटी नाणी त्यासाठीही लागतात.

टोण्या

कोणाला आधी जाऊ द्यायचं हे अजून समजलेलं नाही. बाकी वाचनखूण साठवली.

अवनी_एडे

रस्त्यावर पांढरे त्रिकोण तुमच्याकडे टोक करून असतील तर तुम्ही थांबायचं. खुणा काहीच नसतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी, तो सायकलवाला असला तरी. गोल निळी सायकलची पाटी म्हणजे त्या वाटेनेच जायचं. शेजारी शेजारी दोघं चालतं, तिसरा नाही. बांधावर शनिवार-रविवारी मागून शर्यतवाले ३५ ने येतात. घंटी ऐकू आली की उजवीकडे एका ओळीत व्हा, मागे वळून पाहायला जाऊ नका, सायकल आपोआप डावीकडे झुकते. वळायच्या आधी हात दाखवा. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा सक्तीचा.

मृण्मयी_न

खूप आभार सगळ्यांचे. झुटफेनला चार रात्री पाहते. राहायला हॉटेलशिवाय काही?

नदीकाठ

सायकलवाल्यांना घरात खोली देणाऱ्यांची 'फ्रींडन ओप द फिट्स' ही योजना आहे. वर्गणी भरून सदस्य व्हायचं, यादी मिळते, फोन करून विचारायचं, नाश्ता धरून हॉटेलच्या मानाने फारच स्वस्त. पण ती एक-दोन रात्रींसाठी असते, चार रात्री एका घरी मागू नका. तुमच्यासाठी शेतावरची सुट्टीची खोली बरी. विचारताना तीन गोष्टी: सायकलींना कुलूपबंद छप्पर आहे का, आत प्लग आहे का, आणि खोली तळमजल्यावर आहे का. डच जिने शिडीसारखे उभे असतात, पासष्टीच्या गुडघ्यांना सायकलपेक्षा तेच जड जातात.

जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे सकाळची घाई नको. पहिल्या दिवशी फोर्डेनकडचा फेरा करा, झाडीतला, वाड्यांचा, वारा लागत नाही. नदी दुसऱ्या दिवशी.